रिंग-पिस्टन घालूनही धूर परत येतोय? इंजिन बांधायचं की बदलायचं ते ठरवण्याआधी

गाडी निळा धूर मारते, ऑइल खाते, म्हणून इंजिन खोललं. रिंगा घातल्या, गॅस्केट किट घातलं, बिल भरलं. चार-सहा महिने गाडी गप्प चालली आणि गणेश चवथीच्या आसपास सायलेन्सरमधून परत तोच धूर. आता गॅरेजवाला म्हणतो, "हे इंजिन गेलं साहेब, सेकंडहँड मागवू या, कुर्ल्यात मिळतं." गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत हे गाऱ्हाणं इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदा सविस्तरच लिहितो.

बांधायचं (म्हणजे खोलून, झिजलेले भाग बदलून परत जोडायचं) की बदलायचं, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. खरं तर तो शेवटी यायला हवा. त्याआधी दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. धूर खरंच इंजिनाच्या पोटातून येतोय का, आणि इंजिन झिजलं ते कशामुळे. या दुसऱ्याचं उत्तर बऱ्याचदा इंजिनाच्या बाहेर सापडतं. एअर फिल्टरच्या डब्यात, रेडिएटरमध्ये, एखाद्या तुंबलेल्या नळीत. ते कारण जागच्या जागी ठेवून नवंकोरं इंजिन जरी बसवलंत, तरी तेही त्याच वाटेनं जाणार, आणि त्या वेळचं बिल पहिल्यापेक्षा मोठं असणार.

धूर कधी येतो ते बघा

गॅरेजमध्ये जाऊन नुसतं "धूर येतो" म्हणू नका. कधी येतो ते सांगा.

सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपका आला आणि मिनिटभरात साफ झालं, तर संशय व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर. रात्रभर ऑइल सीलमधून खाली झिरपतं आणि स्टार्टला जळतं. रबराचे हे सील उष्णतेनं कडक होतात, त्यांची किंमतही फार नसते, आणि बऱ्याच पेट्रोल इंजिनांत सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून, हेड न उतरवता बदलता येतात. यासाठी कुणी पूर्ण इंजिन खोलायला सांगत असेल तर गाडी दुसरीकडे दाखवा.

पेट्रोल गाडीसाठी आपल्याकडे घाट हेच परीक्षेचं मैदान. चोर्ल्यातून केरीकडे किंवा फर्मागुढीचा उतार गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरा, आणि सपाटीला लागल्यावर एकदम दाबा. मागच्या गाडीत कुणाला तरी बसवून बघायला सांगा. त्या क्षणी निळा भपका आला तर व्हॉल्व्ह सील किंवा गाईड. उतारावर थ्रॉटल बंद असल्यानं इनटेकमध्ये जबर ओढ तयार होते आणि ती सीलमधून ऑइल खेचते. उलट, चढावर लोड घेताना सतत धूर येत राहिला तर रिंगा आणि बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ते सिलिंडरचं भोक. डिझेलला हा उताराचा प्रयोग तसा लागू पडत नाही. तिथे आधी टर्बो बघा. इंटरकूलरचा पाइप सोडवा. आत ऑइलचा पातळ थर असणं नेहमीचं आहे, पण पाइप वाकवल्यावर धार लागली तर टर्बो किंवा ब्रीदर (इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणारी वाट) तपासल्याशिवाय इंजिनाला हात लावू नका.

पांढऱ्या धुराचं वेगळं. जुलैतल्या सकाळी सगळ्याच गाड्या वाफ सोडतात. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर टिकला, त्याला गोडसर वास आला आणि रिझर्व्हरमधलं कूलंट कमी होत गेलं, तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा.

इथे आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पिवळट पांढरी साय जमलेली दिसते आणि "पाणी मिसळलं, गॅस्केट गेलं" असं निदान होतं. घर ते बाजार एवढीच रोजची धाव असलेल्या गाडीत इंजिन पुरतं तापतच नाही, हवेतल्या दमटपणाचं झाकणाखाली पाणी होतं आणि ते ऑइलशी फेसाळतो. डिपस्टिक ओढून बघा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट घटत नसेल, तर गाडी तासभर लांब पळवून आणा आणि झाकण पुसून परत बघा. डिपस्टिकवरच चहाच्या रंगाचं ऑइल दिसलं तर मात्र गाडी लगेच बंद. कूलंट मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंगं फार टिकत नाहीत.

मग येतं बॅक कंप्रेशन. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं की थोडी फुंकर प्रत्येक इंजिन मारतं. झाकण थडथड उडत असेल, डिपस्टिक आपोआप वर येत असेल, तर रिंगांतून दाब खाली उतरतोय. पण हा निकाल देण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (ब्रीदरच्या वाटेवरचा छोटा व्हॉल्व्ह) आणि ब्रीदरची नळी साफ करून घ्या. ती तुंबली की चांगल्या इंजिनातही दाब कोंडतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. एका छोट्या व्हॉल्व्हपायी अख्खं इंजिन खोललेल्या गाड्या आहेत. त्या दुसऱ्यांदा धूर मारतात ते यामुळेच.

आकडे मागा

"कंप्रेशन डाऊन आहे" हे वाक्य आकड्याशिवाय स्वीकारू नका. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी दमदार, मगच कंप्रेशन गेज लावायचा. पेट्रोलमध्ये साधारण १५० ते २०० पीएसआय, डिझेलमध्ये ३०० ते ४५० च्या घरात. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. मी एकेका आकड्यापेक्षा त्यांच्यातल्या फरकाकडे जास्त बघतो. चारही सिलिंडर १४५ च्या आसपास असतील तर ते म्हातारं इंजिन आहे, अजून चालेल. तीन १७० आणि एक ११० असेल तर ती एका सिलिंडरची तक्रार आहे, आणि कदाचित फक्त एका व्हॉल्व्हची.

कमी आलेल्या पेट्रोल सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलमध्ये हे करू नका. तिथली कंबशनची जागा इतकी लहान असते की ऑइल घातल्यावर आकडा फसवा येतो.

याहून पक्की लीक-डाऊन टेस्ट. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि कान लावायचा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूनं आली तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. हे सगळं इंजिन न खोलता, अर्ध्या दिवसात होतं. ज्या गॅरेजमध्ये कंप्रेसर आहे पण लीक-डाऊनचा गेज नाही, तिथेही नुसती हवा सोडून आवाज ऐकता येतो.

इंजिन गेलं कशानं

गोव्यात माझा पहिला संशय धुळीवर असतो. साखळी, डिचोली, उसगाव, सावर्डे, रिवण या खाणपट्ट्यातले रस्ते, आणि चिरेखाणींच्या आसपासचे कच्चे रस्ते. इथली लाल धूळ बारीक आणि कडक असते. एअर फिल्टर बसलेला असतो, पण डब्याची एक क्लिप तुटलेली, किंवा डब्यापासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप खालच्या घडीत चिरलेला. वरून बघितलं तर काही दिसत नाही.

पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळा आणि फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूच्या पाइपमधून फिरवा. फडकं राखाडी किंवा किंचित तेलकट निघालं तर ठीक. विटकरी डाग उमटला तर रिंगा कशानं गेल्या ते सापडलं. अशा इंजिनात हेड उतरवलं की सिलिंडरच्या वरच्या काठावर नख अडकेल इतकी कड लागते, कारण वरची रिंग जिथे फिरते तिथेच भिंत खाल्लेली असते. आता या सिलिंडरमध्ये नव्या रिंगा घातल्या आणि पाइप तोच ठेवला तर काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरं कारण पाणी. "इथं काय बर्फ पडतो, कूलंट कशाला" असं म्हणून विहिरीचं पाणी ओतणारे अजून भरपूर आहेत. कूलंटचं काम गोठू न देण्यापुरतं नसतं. ते गंज रोखतं आणि पाण्याचा उकळबिंदू वर नेतं. साध्या पाण्यावर चाललेल्या इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड उतरवलं की पाण्याच्या वाटांच्या कडा खाल्लेल्या दिसतात, आणि तिथेच गॅस्केट बसायचं असतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, एवढं तरी पाळा. मोरजी, हणजूण, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या गाड्यांत खारी हवा बाहेरून रेडिएटर खाते. जाळीवरून बोट फिरवलं की ॲल्युमिनियमचा भुगा हातात येतो. असा रेडिएटर गावात चालून जातो आणि अनमोड घाटात गाडी उकळवतो.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची एक खोड आपल्या गॅरेजांना आहे. "गरम प्रदेश, लागत नाही." थर्मोस्टॅट नसलं की इंजिन नेमक्या तापमानाला पोचायला वेळ लावतं, तोवर मिश्रण जाड राहतं, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि रिंगा कोरड्या घासतात. बांधलेलं इंजिन परत का गेलं, याची चौकशी करताना हा प्रश्न जरूर विचारा.

ऑइल उशिरा बदलण्याबद्दल वेगळं काय लिहायचं. गाळ होतो, पंपाची जाळी तुंबते, बेअरिंग धरतं. १२४८ सीसीच्या मल्टिजेट डिझेलमध्ये याच कारणानं टायमिंग चेनही ढिली पडते.

पुराच्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीचं मात्र नीट लक्षात ठेवा. एअर इनटेकमधून पाणी आत गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फ मारू नका, टोइंग करून न्या, प्लग काढून मगच क्रँक फिरवा. रॉड किंचित वाकला तर गाडी चालू होते, काही महिने चालतेही, आणि मग तो एकच सिलिंडर ऑइल खायला लागतो. साध्या विमा पॉलिसीत असं नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. मे महिन्यात रिन्यू करताना बघून ठेवा.

खोललंच आहे, तर मोजा

आता समजा तपासणीत रिंगा-बोअरच निघाले. इंजिन उतरलं, खोललं. इथून पुढे निर्णय मायक्रोमीटर आणि बोअर गेज घेणार. किलोमीटरचा आकडा बाजूला ठेवा. घाटात नियमित चालणारी, वेळेवर ऑइल बदललेली दोन लाखांची गाडी आतून स्वच्छ निघते आणि बाजारहाटाची साठ हजारांची गाळानं भरलेली निघते.

बोअर तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजतात. बऱ्याच छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये उतार (वर-खालच्या मापांतला फरक) आणि लंबगोलपणाची हद्द ०.१० मिमी असते. त्याच्या आत असेल तर हॉनिंग (भिंत बारीक घासून घेणं) आणि रिंगा पुरतात. बाहेर असेल तर ०.२५ किंवा ०.५० ओव्हरसाइजला बोअर, आणि पिस्टनही त्याच मापाचे. ओव्हरसाइज पिस्टन मिळत नसतील तर स्लीव मारून परत स्टँडर्डला आणायचं. मोजमाप न करता "फक्त रिंगा मारू या" म्हणणं हेच आपल्या मूळ तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण. लंबगोल सिलिंडरमध्ये गोल रिंग बसत नाही. सुरुवातीला ताजं ऑइल फट झाकतं, मालक खूश होतो, आणि पुढच्या चवथीला परत येतो.

क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगं बसतात त्या गोल जागा, मोजा आणि क्रँक ग्राइंड करण्याआधी क्रॅक टेस्ट करून घ्या. बेअरिंग धरून निळा पडलेला क्रँक नुसता घासून वापरण्यात मला अर्थ दिसत नाही. हेडवर स्ट्रेट-एज ठेवून फीलर गेज घाला. ०.०५ मिमीहून जास्त फट गेली तर फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करणं. हेडचे बोल्ट ताणून घट्ट करायच्या प्रकारचे असतील तर नवेच घाला. बेअरिंग धरलेल्या इंजिनात ऑइल कूलर आणि ब्लॉकच्या ऑइलच्या वाटा धुतल्या का, हे मुद्दाम विचारा. तिथे अडकलेला धातूचा कीस नव्या बेअरिंगचा पहिल्याच दिवशी घास घेतो.

हे काम सगळीकडे सारखं होत नाही. गोव्यात चांगले फिटर आहेत, पण बोअरिंग-ग्राइंडिंगसाठी बरीच गॅरेजं ब्लॉक कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा बेळगावच्या उद्यमबागेत पाठवतात. त्यात गैर काहीच नाही, तिथे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. फक्त ब्लॉकसोबत पिस्टन पाठवले का ते बघा. पिस्टन हातात घेऊन, त्याच्या मापानं बोअर करायचा असतो. परत आल्यावर मापांचा कागद मागा. जो मापांचा कागद देत नाही त्याच्याकडे मी दुसऱ्यांदा ब्लॉक पाठवणार नाही.

मग बांधायचं की बदलायचं

ब्लॉक आणि क्रँक ओव्हरसाइजच्या हद्दीत आहेत, पार्ट मिळतात आणि इंजिन कशानं गेलं ते सापडलंय, तर बांधा. मारुती ८०० आणि ओम्नीच्या ७९६ सीसी इंजिनाबद्दल तर दुसरा विचारही करू नये. पार्ट म्हापशाच्या बाजारात मिळतात आणि प्रत्येक फिटरचा हात त्यावर बसलेला आहे. मल्टिजेटचं उत्पादन बीएस-६ आल्यावर आपल्याकडे थांबलं, पण स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो, व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत ते असल्यानं पार्टची अडचण तितकी नाही.

रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, ब्लॉकला तडा असेल, क्रँक आणि हेड दोन्ही गेले असतील, तर बांधण्याचा हट्ट सोडा. अशा वेळी कंपनीचं नवं हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन जोडून आलेलं, मिळतंय का ते आधी विचारा. हेड चांगलं असेल तर कॉमन रेल डिझेलला माझी पहिली पसंती हीच. टॅक्सीवाल्यांसाठी तर नक्की, कारण सीझनमध्ये गाडी उभी राहण्याचे दिवस बिलात दिसत नसले तरी खिशात दिसतात.

भंगारअड्ड्यातलं जुनं इंजिन शेवटचा पर्याय. ते स्वस्त असतं कारण त्याचा इतिहास कुणालाच माहीत नसतो. घ्यायचंच तर स्टार्टर जोडून कंप्रेशन मोजून घ्या, झाकण काढून गाळ बघा, पाण्याच्या वाटांत गंज आहे का ते टॉर्चनं बघा, इंजिन नंबर घासलेला नाही याची खात्री करा आणि त्या नंबरासकट बिल घ्या. त्याच मॉडेलचं, त्याच बीएसचं इंजिन हवं, नाहीतर सेन्सर आणि वायरिंग जुळता जुळत नाही. कॉमन रेलमध्ये इंजेक्टर बदलले तर त्यांचे कोड ईसीयूत (इंजिनाच्या कंप्युटरमध्ये) घालावे लागतात. हे राहिलं की गाडी काळा धूर मारते आणि दोष इंजिनावर जातो.

पैशांचा हिशेब करताना फक्त रिंग-पिस्टन-मजुरी धरू नका. ऑइल पंप, वॉटर पंप, टायमिंग किट, थर्मोस्टॅट, क्लच प्लेट, माउंटिंग, होजेस, रेडिएटर, डिझेल असेल तर इंजेक्टरचं काम, हे सगळं एका कागदावर आणा. समजा गाडी बाजारात दीड लाखाला जाते आणि कागद सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या वर गेला, तर मी थांबून विचार करीन. बॉडी गंजलेली असेल, नोंदणीची १५ वर्षं भरत आली असतील आणि पुढच्या ५ वर्षांसाठी फिटनेसला गाडी उभी करायची असेल, तर आहे तशी विकणंही बरं. बॉडी ठणठणीत असेल आणि गाडी तुमच्याकडे पहिल्यापासून असेल, तर तेवढ्याच पैशांत दुसऱ्याची अनोळखी जुनी गाडी घेण्यापेक्षा हीच बांधावी.

इंजिन बदललं की नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे तो आरटीओकडे नोंदवावा लागतो. आधी परवानगी घेतली नसेल तर १४ दिवसांत कळवायचं असतं. कर्ज चालू असेल तर बँकेला, आणि कर्ज असो वा नसो, विमा कंपनीला लेखी कळवा. आरसीवर एक नंबर आणि ब्लॉकवर दुसरा असेल तर क्लेमच्या वेळी तुमचं कुणी ऐकून घेत नाही. ब्लॉक न बदलता बांधलेल्या इंजिनाला ही भानगड नाही.

बांधून आलेली गाडी पहिल्या दिवशी आयडलवर तासभर सोडायची पद्धत आहे, ती करू नका. रिंगा बसायला लोड लागतो. पहिले काही शे किलोमीटर वेग सारखा बदलत, मध्यम लोडवर चालवा. हायवेला एकाच वेगानं लांब पळवणं, चार माणसं आणि सामान घालून घाट चढणं टाळा. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, जुनं ऑइल गाळणीतून गाळून बघा. बारीक चमक असणार, कण किंवा पापुद्रे नकोत. हजारला परत बदला. तोवर दर रविवारी, गाडी सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक बघून पातळी वहीत लिहा. पहिल्या हजारात थोडं ऑइल जातं, पुढे ते थांबायला हवं. दीड-दोन हजार उलटूनही पातळी त्याच गतीनं उतरत असेल, तर वही घेऊन गॅरेजला जा आणि सुरुवात परत फडक्यापासून आणि लीक-डाऊनपासून करायला सांगा.